भगिनीभाषेचे व्याकरण : छत्तीसगडातील मराठी माणसाचा भाषाभ्यास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका म्हणजे मंडळाच्या आठवणींचा संचय. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, व्याख्याने, कोजागरी यांचा वृत्तांत इतर लेखक या अंकात सांगतीलच. आम्ही येथे भिलाईत आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने केलेल्या, परंतु सहसा इतिवृत्तात न नोंदल्या जाणाऱ्या एका उद्योगाचा इतिहास मांडू इच्छितो. तो उद्योग म्हणजे शेजारच्या भाषेचे व्याकरण शिकण्याचा.

हिंदी काय, ती तर आपल्याला येतेच, अशी आपणा मराठी माणसांची ठाम समजूत असते. लिपी तीच, संस्कृत शब्द तेच, कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रमही तोच. मग शिकावयाचे ते काय? पण आमचा अनेक वर्षांच्या शासकीय सेवेतील अनुभव असा, की तमिळ वा मल्याळी सहकारी हिंदीचे पुस्तक हाती घेऊन शिकतो आणि काही काळाने शुद्ध वाक्य लिहितो. आपला मराठी बंधू मात्र पहिल्याच दिवशी धडाधडा बोलू लागतो आणि निवृत्तीपर्यंत त्याच चुका करीत राहतो. 'अतिपरिचयात् अवज्ञा' हे वचन भाषांनाही लागू पडते. दूरची भाषा आपण शिकतो. जवळची भाषा आपण गृहीत धरतो. म्हणूनच जवळच्या भाषेचे व्याकरण अधिक कठीण.

नागपूर ते भिलाई

छत्तीसगडशी मराठीचा संबंध भिलाईच्या भट्ट्यांपासून सुरू झाला, असे कोणी समजू नये. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर यांनी रतनपूरवर चाल केली. पुढे 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांच्याच काळातील म्हणून दाखविले जाते. राज्यकर्त्यांबरोबर कारकून आले, कारकुनांबरोबर मोडी लिपी आली आणि मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच शासनाच्या छत्राखाली नांदल्या.

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, त्या वेळीही मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. दुसऱ्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. दुर्ग जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दहा लक्ष टन क्षमतेच्या या कारखान्यासाठी जे हजारो हात देशाच्या कानाकोपऱ्यांतून आले, त्यांत मराठी हातही होते. काल जे एकाच राज्यात होते, ते आज परप्रांतीय ठरले. आणि काल जी भाषा शेजारीण होती, ती आज घरधनीण झाली.

कारखान्यात रशियन तज्ज्ञ होते. रशियन भाषा शिकावयाची तर ती परकी म्हणूनच शिकावी लागे; तेथे दुभाषी असत, नवी लिपी गिरवावी लागे. हिंदीसाठी मात्र दुभाषी कोणी ठेवला नाही. तेथेच खरी गंमत आहे.

एका डच व्यापाऱ्याची साक्ष

जवळच्या भाषेची ही अडचण केवळ आपलीच नव्हे. इंग्रजी आणि डच या सख्ख्या बहिणी. दोघी पश्चिम जर्मानिक कुळातील. तरीही इंग्रज माणूस डच शिकू लागला की ठायी ठायी अडखळतो. इंग्रजीने नामांचे लिंग कधीच टाकून दिले. डच भाषेत मात्र प्रत्येक नामास 'ड' लावावयाचे की 'हेट', हे पाठच करावे लागते. गौणवाक्यात डच क्रियापद आपल्या मराठीप्रमाणे शेवटी जाऊन बसते. इंग्रजाच्या कानी 'हू' पडले की त्यास 'कोण' असे वाटते. डच माणसाच्या मनात त्याचा अर्थ 'कसे' असतो. ओळखीचा चेहरा आणि अनोळखी स्वभाव, असा तो प्रकार.

या डच लोकांचा आणि हिंदीच्या व्याकरणाचा एक विलक्षण संबंध आहे. हिंदुस्थानी भाषेचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने व्याकरण डच भाषेत लिहिलेले आहे. योआन योसुआ केटेलार हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. सुरत आणि आग्रा येथे त्याने चाकरी केली. पुढे तो कंपनीचा वकील म्हणून लाहोरास मोगल दरबारीही गेला. त्याच्या व्याकरणाची 1698 ची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. 1743 मध्ये डेव्हिड मिल याने लायडन येथे त्याचे लॅटिन रूपांतर प्रसिद्ध केले.

'भारतीय भाषांचे सर्वेक्षण' या प्रचंड ग्रंथमालेचे कर्ते जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केटेलारची परीक्षा घेतली आहे. ते नोंदवितात की, 'मैं' आणि 'हम' यांतील वचनभेद त्यास बरोबर कळला होता. पण कर्त्याला लागणाऱ्या 'ने' प्रत्ययाचा त्यास पत्ताच नव्हता. शिवाय 'आप' याचा अर्थ त्याने गुजराती पद्धतीने 'आपण सगळे' असा दिला. हे वाचून आम्हांस केटेलारविषयी आपलेपणा वाटला. तीनशे वर्षांपूर्वी तो जेथे ठेचकाळला, नेमक्या त्याच दोन दगडांवर भिलाईतील मराठी माणूस आजही ठेचकाळतो.

लिंग, 'ने' आणि 'आपण'

आरंभ लिंगापासून करू. मराठीत लिंगे तीन, हिंदीत दोन. तीनांतून दोनांत जाणे सोपे, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात आपल्या नपुंसकलिंगी शब्दांची तेथे वाटणी होते, आणि त्या वाटणीला सर्वत्र चालेल असा सरळ नियम नाही. घर, पाणी, दूध हे हिंदीत पुल्लिंगी झाले. पुस्तक आणि नाक स्त्रीलिंगी. 'सरकार' हा शब्द तर आमच्या नित्याच्या परिचयाचा. मराठीत ते सरकार, हिंदीत ती सरकार. ज्या शब्दांना दोन्हीकडे लिंग आहे, तेही प्रांत ओलांडताच बदलतात. आपला आवाज, आपला विजय, आपला देह, आपला आत्मा, इतकेच काय आपला मृत्यूदेखील, हिंदीत स्त्रीलिंगी होतो. उलट आपल्याला मजा 'येते', हिंदीत मजा 'आता है'. आपण चहा 'घेतला', पण हिंदीत चाय 'पी'. शब्द ओळखीचा असल्यामुळे त्याचे लिंगही आपण बरोबर घेऊन जातो, आणि तेथेच फसगत होते.

दुसरा दगड 'ने'चा. 'रामाने पत्र लिहिले' आणि 'राम ने पत्र लिखा' येथपर्यंत दोन्ही बहिणी हातात हात घालून चालतात. पण प्रथम व द्वितीय पुरुषात त्या वेगळ्या होतात. मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना असा 'ने' लागत नाही. आपण 'मी पत्र लिहिले' असे म्हणतो. हिंदीत 'मैंने' म्हटल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून मराठी माणूस 'मैं पत्र लिखा' असे बोलून जातो, आणि मराठी शिकणारा हिंदी भाषक 'मीने पत्र लिहिले' असे म्हणतो. दोघेही आपापल्या घरचा नियम दुसऱ्याच्या घरी पाळतात.

तिसरी गोष्ट सर्वनामांची. मराठीत 'आम्ही' म्हणजे समोरचा सोडून. 'आपण' म्हणजे समोरच्यासह. 'आम्ही जेवायला जातो' असे म्हटल्यावर पाहुणा बसून राहतो. 'आपण जेवायला जाऊ' म्हटल्यावर तो उठतो. हिंदीच्या एकट्या 'हम'मध्ये हा भेद नाही. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' आहेत. भिलाईतील आपल्या तेलुगू शेजाऱ्यांच्या भाषेत 'मेमु' आणि 'मनमु' आहेत. सुरतेस राहिलेल्या केटेलारचा घोटाळा कोठून आला असावा, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. मराठीत वडीलधाऱ्यास 'तुम्ही' म्हणणे हा आदर. हिंदीत त्याच आदराने कोणी 'तुम' म्हणाला तर तो उद्धट ठरतो. तेथे 'आप'च हवे. नव्याने या भागात बदलून आलेल्या कित्येक सज्जनांविषयी केवळ या एका शब्दामुळे गैरसमज झालेले आम्ही पाहिले आहेत.

शब्दार्थांची फसगत वेगळीच. हिंदीत 'शिक्षा' घेण्यासाठी मुले शाळेत जातात. मराठीत शिक्षा झाली की रडत घरी येतात. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. कचेरीत कोणी 'आपत्ति' घेतली म्हणजे त्याच्यावर संकट कोसळले नसून त्याने हरकत घेतलेली असते. 'व्यस्त' अधिकारी कामात गढलेला असतो. मराठी गणितातील व्यस्त प्रमाणाशी त्याचा संबंध नाही.

केंद्र शासनाने या अडचणीचा विचार केला आहे. प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ अशा हिंदीच्या परीक्षा शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहेत. 1976 च्या राजभाषा नियमांनुसार महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात येतो, तर आपण राहतो तो प्रदेश 'क' क्षेत्रात. नागपूरहून गाडीत बसून राजनांदगाव, दुर्ग ओलांडीत भिलाईस उतरणारा कर्मचारी म्हणूनच काही तासांत 'ख'चा 'क' होतो. पण क्षेत्र बदलले तरी जिभेचे वळण तितक्या लवकर बदलत नाही.

तिसरी बहीण

हिंदीच्या धाकाने आपण एका तिसऱ्या बहिणीकडे दुर्लक्ष करतो. ती म्हणजे छत्तीसगढी. बाजारात भाजी विकणारी बाई, घरी कामाला येणारी ताई, शेतावरून कारखान्यात आलेला कामगार यांची ती मातृभाषा. कोणी तिला अशुद्ध हिंदी म्हणतात, ते अज्ञानामुळे. धमतरीच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेचे मुख्याध्यापक हिरालाल काव्योपाध्याय यांनी या भाषेचे व्याकरण हिंदीत लिहिले, आणि ग्रिअर्सन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद करून 1890 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपल्या भिलाईपासून फार दूर नसलेल्या गावी, एका शाळामास्तराने, जिला कोणी भाषा मानीत नव्हते तिचे नियम शोधून काढले. 28 नोव्हेंबर 2007 रोजी छत्तीसगड विधानसभेने छत्तीसगढीस राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. त्यामागे या मुख्याध्यापकासारख्यांची पुण्याई उभी आहे.

या भाषेचे व्याकरण मराठी माणसाला सुखद धक्का देते. हिंदीच्या 'को'ऐवजी येथे 'ला' आहे. 'मोला पानी दे', 'तोला का चाही' ही वाक्ये ऐकताच आपले 'मला' आणि 'तुला' आठवतात. मात्र पुढे आपली वाट वेगळी होते. मराठीत 'घर' याला 'ला' लावताना सामान्यरूप होऊन 'घराला' होते. छत्तीसगढीत सरळ 'घर ला'. अनेकवचनासाठी 'मन' जोडले की झाले: लइका, लइकामन. लिंगाची कटकट नाही. मुलगा गेला तरी 'गिस', मुलगी गेली तरी 'गिस'. 'ने'ही नाही, 'मैं भात खायेंव', 'वो भात खाइस'. मराठीत लिंगे तीन, हिंदीत दोन, आणि छत्तीसगढीच्या क्रियापदाला लिंगाची फिकीरच नाही. ज्याला आपण खेडवळ म्हणतो, ते बोलणे किती काटकसरीच्या नियमांनी चालते, हे पाहिले म्हणजे आपला अहंकार आपोआप गळतो. आणखी दक्षिणेस, बस्तरातील हलबी भाषेत तर मराठी, उडिया आणि छत्तीसगढी यांचा असा संगम आहे की ग्रिअर्सन यांनी तिची नोंद 1905 च्या मराठीच्या खंडात केली.

ज्यांनी दोन्ही भाषा राखल्या

आता एक गंभीर प्रश्न. दुसऱ्याची भाषा मनापासून शिकल्याने आपली भाषा नष्ट होते काय? या प्रदेशाचा इतिहास निःसंदिग्ध उत्तर देतो.

माधवराव सप्रे यांचा जन्म 1871 साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. घरची भाषा मराठी. शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे. 1900 साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे हे त्यांचे साथीदार. पुस्तकांचे परखड परीक्षण करणारे हे मासिक तीन वर्षे चालले. पण हिंदी समीक्षेच्या इतिहासात त्याचे नाव राहिले. याच सप्र्यांनी समर्थांचा 'दासबोध', लोकमान्यांचे 'गीतारहस्य' आणि चिंतामणराव वैद्यांची 'महाभारत मीमांसा' हिंदीत नेली. 1924 मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 1926 मध्ये रायपूर येथे त्यांचे देहावसान झाले. दोन्ही भाषांची नाडी ठाऊक असल्यावाचून 'गीतारहस्या'चा अनुवाद होत नाही. सप्र्यांनी मराठी सोडली नाही. तिचे धन त्यांनी शेजाऱ्याच्या घरी पोहोचविले.

व्याकरणाच्या प्रांतातही अशी देवघेव झाली. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सागरचे कामताप्रसाद गुरू यांनी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेसाठी 'हिंदी व्याकरण' लिहिले, ते 1920 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या सिद्धतेत दामल्यांच्या ग्रंथाचे साहाय्य त्यांना झाले. आज शाळेत आपली मुले हिंदीचे जे नियम घोकतात, त्यांच्या मुळाशी एका मराठी वैयाकरणाच्या श्रमांचाही अंश आहे.

आणि शेवटचे उदाहरण अगदी आपल्या अंगणातले. गजानन माधव मुक्तिबोध 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. राजनांदगाव त्या वेळी आपल्याच दुर्ग जिल्ह्यात होते. घरी मराठी बोलणारा हा माणूस आधुनिक हिंदी काव्याचा मानदंड ठरला. 1964 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात राहून मराठीत लिहीत राहिले आणि 1979 मध्ये त्यांच्या मराठी ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच आईच्या दोन मुलांनी दोन भाषा श्रीमंत केल्या. घरच्या मराठीने थोरल्यास हिंदीत अडविले नाही. हिंदी मुलखात वाढल्याने धाकट्याची मराठी उणी झाली नाही.

आपल्या घरात काय चालले आहे?

भिलाईत जन्मलेली आपली तिसरी पिढी मराठी बोलते, याचा आम्हांस आनंद आहे. पण कान देऊन ऐकले तर तिच्या मराठीतून तीन गोष्टी हळूहळू निसटत आहेत. नपुंसकलिंग जात आहे. 'ते पुस्तक'चे 'ती पुस्तक' होत आहे. सामान्यरूप जात आहे. 'घराला' न म्हणता 'घर ला' ऐकू येते. आणि 'आपण' जात आहे. सर्वत्र एकटे 'आम्ही' उरत आहे. ही मुले आळशी नाहीत. दिवसभर कानी पडणाऱ्या दोन भाषांचे नियम ती घरच्या भाषेला लावतात, एवढेच. भाषांचा संपर्क असाच काम करतो. नागपूरकडील मराठीत 'तो बोलून राहिला' हा प्रयोग हिंदीच्या सहवासाने रुळला, आणि त्यामुळे कोणाचे आकाश कोसळले नाही. म्हणून मुलांवर हसू नये. हसल्याने मूल शुद्ध बोलत नाही. ते मराठीत बोलणेच सोडून देते. असे गप्प झालेले तरुण आम्ही प्रत्येक बदलीच्या गावी पाहिले आहेत.

परंतु हसू नये याचा अर्थ शिकवू नये असा नव्हे. 'आपण' हा शब्द गेला, तर केवळ एक सर्वनाम जात नाही. समोरच्याला आपल्यात सामावून घेण्याची एक रीत जाते. ती वाचवावयाची तर उपाय सोपा आहे. मुलांना तिन्ही भाषांचे नियम शेजारी शेजारी मांडून दाखवावेत. छत्तीसगढीत 'घर ला', हिंदीत 'घर को', मराठीत 'घराला'. छत्तीसगढीत 'मैं खायेंव', हिंदीत 'मैंने खाया', मराठीत 'मी खाल्ले'. कोणतेही एक चूक नाही. प्रत्येक आपल्या घरी बरोबर. हा भेद एकदा ध्यानी आला, की मुलाची हिंदी सुधारते आणि मराठीही सुधारते. भेद न ओळखता दोन्हींची सरमिसळ करणारा मात्र दोन्हीकडे परका राहतो. हे काम शाळा करणार नाही. तिच्याकडे तेवढा अवकाश नाही. ते काम आजीआजोबांचे, आईवडिलांचे आणि मंडळाचे आहे. आठवड्यातून एक तास, एक फळा आणि तिन्ही भाषा जाणणारी दोन वडीलधारी माणसे मिळाली तरी ते होईल.

पन्नास वर्षे मंडळाने आपल्याला मराठी ऐकविली, बोलविली, रंगमंचावर नाचविली. पुढील काळात तिने ती समजूनही द्यावी, एवढीच आमची विनंती. शेजारणीचे व्याकरण आदराने शिकणारा माणूस आपल्या आईचे व्याकरण विसरत नाही, ही या मातीत सप्रे आणि मुक्तिबोध यांनी दिलेली ग्वाही आहे. त्या ग्वाहीवर विश्वास ठेवून आपण सर्व मिळून हे काम हाती घेऊ या. येथे 'आपण' हाच शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे.